एकदा मशीन लागलं की सुटत नाही, हे कुणी सांगितलं?

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. आई ५८ वर्षांची, वजन ४४ किलो, लग्न होऊन आली तेव्हापासून विड्या वळते. गेल्या महिन्यात एका लग्नातून आल्यावर तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस घरीच काढले. बीपीची गोळी चालू होती, आणि पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळीही रोज दोनदा. चौथ्या दिवशी लघवी बंद झाल्यासारखी वाटली तेव्हा दवाखान्यात नेलं. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन ५.६ आलं. दोन वर्षांपूर्वी शिबिरात ०.७ होतं.

दोन दिवस सलाईन देऊन वाट बघितली, मग डायलिसिस लावलं. आतापर्यंत चार झाले. आज अकरावा दिवस. एक दिवस आयसीयूत होती, आता वॉर्डात आहे. बोलते, ओळखते. व्हेंटिलेटर लागला नाही, बीपी चढवायची औषधं लागली नाहीत, कावीळ नाही. मी वहीत आकडे लिहून ठेवलेत. तिसऱ्या डायलिसिसनंतर क्रिएटिनिन ३.०, दुसऱ्या दिवशी ४.१, तिसऱ्या दिवशी ५.२. चौथ्यानंतर ३.१, मग ३.५, आज ३.६. लघवी आधी दिवसाला १५० एमएल, परवा ४२०, काल ७००.

भावाने मोबाईलवर कुठल्याशा कॅल्क्युलेटरात आकडे भरले, तर ‘मृत्यूची शक्यता ६२ टक्के’ असं आलं. तेव्हापासून तो जेवत नाही. मामा म्हणतात, एकदा मशीन लागलं की सुटत नाही, आता जन्मभराचं. डॉक्टर म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही. आमचा एक छोटा प्लॉट आहे, गिऱ्हाईक आलंय, शुक्रवारपर्यंत सांगायचंय. विकू का? आईचं काय होईल? मला मुलीसारखी समजून खरं सांगा. आणि आई शेंगाचटणी मागतेय, देऊ का?

उत्तर

मुलीसारखी म्हणालीस, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी प्लॉटचं. शुक्रवारी विकू नकोस. गिऱ्हाईक खरं असेल तर महिन्याने पण येईल, आणि घाईला आलेल्या माणसाला सोलापुरात काय भाव मिळतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पैशाच्या सोयीचं पुढे सांगते.

मी तुझ्या आईला तपासलेलं नाही, केस पेपर पाहिलेला नाही. जे लिहिते ते तुझ्या वहीवरून. पण ती वही फार कामाची आहे. इतकी, की मी तुझ्या जागी असते तर भावाचा मोबाईल बाजूला ठेवून तीच उघडून बसले असते.

मामांचं आधी निपटू. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी पाहिलंय ते सांगतात. कुठल्याही डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं बघ. आठवड्यातून दोनदा-तीनदा येणारी, वर्षानुवर्षं येणारी. त्यांच्या किडन्या साखरेने, बीपीने हळूहळू वाळत गेलेल्या असतात, त्यांचं मशीन सुटत नाही हे खरंच आहे. पण ज्यांना तीन-चार वेळा लावलं आणि सुटलं ते त्या बाकावर दिसणार कुठून? ते आपल्या घरी विड्या वळत असतात नाहीतर माग चालवत असतात. मामांनी न सुटलेलेच पाहिले, म्हणून त्यांना वाटतं कुणाचंच सुटत नाही. अचानक किडनी बसते त्या दुखण्यात, ज्याला डॉक्टर ‘एकेआय’ म्हणतात, मशीन म्हणजे कुबडी. हाड जुळेपर्यंत लावायची. ते जुळतं का, किती दिवसांत जुळतं, हा खरा प्रश्न. मशीन लावल्यामुळे किडनीला मशीनची सवय लागते हा समज तर अगदीच चुकीचा. त्या भीतीने लोक डायलिसिसला नको म्हणतात आणि पोटॅशियम चढून हृदय बंद पडून जातात. हे मी पाहिलंय.

तुझ्या आईचं काय झालं असावं ते सांगते, कारण पुढे काय होणार याचा निम्मा अंदाज ‘कशाने झालं’ यातच असतो. किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो गाळण्या आहेत. गाळायला प्रेशर लागतं. आपल्याकडे नळाला पाणी आलं तरी प्रेशर नसेल तर वरच्या मजल्यावर चढत नाही, तसंच. जुलाबाने अंगातलं पाणीच कमी झालं. अशा वेळी किडनी स्वतःकडे येणारी रक्तवाहिनी रुंद करून आणि बाहेर जाणारी आवळून कसंबसं प्रेशर टिकवते. दुखण्याची गोळी येणारी वाट रुंद होऊ देत नाही. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या, बाहेरची वाट सैल सोडतात. दोन्ही बाजूंनी बिचारीची कोंडी. एरवी यातली एकेक गोष्ट किडनी सोसते. तिन्ही एका आठवड्यात आल्या. गाळण्यांच्या पुढच्या बारीक नळ्यांचं अस्तर रक्ताविना मरतं आणि लघवी थांबते.

आता चांगली गोष्ट. ते अस्तर पुन्हा उगवतं. बहुतेकदा एक ते तीन आठवड्यांत, कधी दीड-दोन महिनेही लागतात. मूळ किडनी धड असेल, कारण जुलाब आणि गोळ्यांसारखं निघून जाणारं असेल, आणि बाकीचे अवयव शाबूत असतील, तर हे किडनीच्या अचानक दुखण्यातलं त्यातल्या त्यात बरं भविष्य असलेलं दुखणं. रक्तात जंतू पसरून किडनीबरोबर फुप्फुस, लिव्हर, बीपी सगळंच कोसळलेल्या माणसाचं एकेआय आणि तुझ्या आईचं एकेआय, नाव एकच. अंदाज एक नाही.

आता वही उघड. डायलिसिसनंतर क्रिएटिनिन ५.२ वरून ३.१ झालं, तेव्हा तुम्ही सगळे खूश झाला असाल. त्यात खूश होण्यासारखं काही नव्हतं, तो मशीनचा पराक्रम. रक्त धुतलं की आकडा उतरणारच, किडनी झोपलेली असली तरी. बघायचं असतं ते मशीन बंद असतानाच्या दिवसांत. तिसऱ्या डायलिसिसनंतर आकडा रोज १.१ ने चढत होता: ३.०, ४.१, ५.२. चौथ्यानंतर ३.१, ३.५, ३.६. म्हणजे पहिल्या दिवशी ०.४ चढला आणि दुसऱ्या दिवशी फक्त ०.१. क्रिएटिनिन हा अंगातला कचरा, किडनीने बाहेर टाकायचा. ते तर रोज तेवढंच तयार होतंय. मग ते जातंय कुठे? किडनी बाहेर टाकतेय. आकडा अजून उतरला नाही म्हणून तुम्ही घाबरलात, आणि मी इथे बसून त्याच आकड्यांकडे बघून म्हणतेय, किडनीबाई हातपाय हलवायला लागली.

लघवीही तेच सांगते. ४४ किलोच्या बाईला तासाला किलोमागे निदान अर्धा एमएल, म्हणजे २२ एमएल, दिवसाला साधारण ५३० लघवी हवी. त्याखाली सहा तास राहिली तरी एकेआय धरतात. १५० वरून ७०० वर येणं ही मोठी उडी आहे. मशीन सोडवण्याचा प्रयत्न करावा का, हे ठरवताना डॉक्टर ज्या खुणा बघतात त्यात लघवी सगळ्यात वरची. औषध न देता दिवसाला चारशेच्या वर जात असेल तर मशीन सुटण्याची शक्यता चांगली मानतात. मात्र ‘औषध न देता’ हे महत्त्वाचं. लघवीचं इंजेक्शन, लासिक्स, चालू असेल तर ७०० चं वजन कमी होतं. तेव्हा जवळजवळ दोन लिटरच्या वर लागते. हे तू लिहिलं नाहीस. उद्या सिस्टरना विचार.

(याच इंजेक्शनची एक साधी चाचणी आहे. अंगात पाणी पुरेसं असताना वजनाप्रमाणे डोस देऊन दोन तास लघवी मोजायची. २०० एमएल पण झाली नाही तर दुखणं वाढत जाण्याची शक्यता मोठी. २०१३ पासून ती चांगली माहीत आहे. रक्ता-लघवीतल्या महागड्या नव्या तपासण्या निघाल्या आहेत, पण एक इंजेक्शन, एक मापाचं भांडं आणि घड्याळ यांचा मला अजून जास्त भरवसा वाटतो. ही चाचणी सुरुवातीच्या दिवसांतली, तुमच्या बाबतीत ती वेळ गेली.)

तिचं जुनं ०.७ तू शोधून काढलंस, तेही सोन्यासारखं. लॅबच्या कागदावर १.१ किंवा १.२ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि ४४ किलोच्या, दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगावर स्नायू असतात किती? तिचं १.१ झालं असतं तरी ते मुळाच्या दीडपटीच्या वर, म्हणजे नियमाने एकेआय झालंच असतं, आणि कागदावर मात्र एकही लाल खूण नसती. शिवाय आकडा मागून येतो. इजा होऊन एक-दोन दिवस गेल्यावर तो चढतो. २०१२ पासून जगभर चालणाऱ्या नियमात तीन पायऱ्या आहेत, तिप्पट झालं की तिसरी. तिच्यासाठी तिसरी पायरी २.१ लाच लागली, ती आठपटीवर होती. दुखणं मोठंच होतं, ते मी लपवत नाही.

आता भावाचे ६२ टक्के. त्याला हा भाग वाचून दाखव, आणि आधी दोन घास खायला लाव.

तू कॅल्क्युलेटरचं नाव दिलं नाहीस, पण मृत्यूची टक्केवारी काढून देणारं एक जुनं आणि सहज सापडणारं आहे ते अपाचे-२. १९८५ साली अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांच्या आयसीयूतल्या पेशंटवरून बनवलेलं. त्यात भरायचे असतात ते आयसीयूत दाखल झाल्यावर पहिल्या २४ तासांतले सगळ्यात वाईट आकडे. अकराव्या दिवशी वॉर्डात बसून, चार डायलिसिसनंतरचे आकडे भरायचे नसतात. त्यात ‘अचानक किडनी फेल’ वर टिचकी मारली की क्रिएटिनिनचे गुण दुप्पट होतात. आणि शुद्धीचा रकाना? आई दुपारी झोपलेली बघून भावाने तिथे काय भरलं असेल, देव जाणे. ओळखणाऱ्या, चटणी मागणाऱ्या बाईला शुद्धीचे पूर्ण १५ गुण द्यायचे असतात, म्हणजे धोक्यात शून्य भर.

आणखी एक मोजमाप आहे, सोफा नावाचं, १९९६ सालचं. फुप्फुस, रक्तातल्या प्लेटलेट, लिव्हर, बीपी, मेंदू आणि किडनी, अशा सहांना प्रत्येकी शून्य ते चार गुण. जास्तीत जास्त २४, जितके जास्त तितकं वाईट. क्रिएटिनिन पाचच्या वर किंवा लघवी २०० च्या खाली गेली की किडनीला पुरे चार. तुझ्या आईला तेव्हा किडनीचे चार मिळाले, आणि तू लिहितेस त्यावरून फुप्फुस, लिव्हर, बीपी, मेंदू यांना शून्याच्या आसपास. प्लेटलेट मला माहीत नाहीत. दुसऱ्या खाटेवरच्या एखाद्याला किडनीचे तेच चार, वर व्हेंटिलेटरचे चार, बीपीच्या औषधांचे चार. दोघांनाही वॉर्डात ‘डायलिसिसचा पेशंट’च म्हणतात.

आणि टक्केवारी बरोबर भरली तरी ती काय सांगते? आपल्या बाजार समितीत कांद्याचा सरासरी दर रोज पेपरात येतो. तो खरा असतो. पण तुझ्या गोणीला काय मिळणार ते व्यापारी गोणी फोडून, कांदा हातात घेऊन बघतो तेव्हा ठरतं. शंभर सारख्या पेशंटपैकी किती वाचले, हा पेपरातला दर. रुग्णालयाला त्याचा उपयोग आहे: किती खाटा लागतील, आपण इतरांपेक्षा वाईट काम करतोय का, कुणाकडे आधी धावायचं. तुझ्या आईची गोणी मात्र रोज सकाळी फोडून बघावी लागते, आणि कालच्यापेक्षा आज कशी आहे तेवढंच त्यातून कळतं.

भावाचं दुसरं गाऱ्हाणं तू पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंयस. दवाखान्याने दोन दिवस फुकट घालवले, आणि आता म्हणे कॉम्प्युटरला दोन दिवस आधी कळतं, मग यांना का कळलं नाही.

दोन दिवस थांबले ते फुकट गेले असं मला वाटत नाही. पोटॅशियम धोक्याचं नाही, छातीत पाणी साठलं नाही, रक्तातलं आम्ल फार वाढलं नाही, गुंगी-भ्रम नाही, तर थांबून बघणं बरोबरच. हे मुद्दाम तपासून पाहिलं गेलंय. फ्रान्समध्ये २०१६ साली ६२० गंभीर पेशंटवर अभ्यास झाला. अर्ध्यांना लगेच मशीन लावलं, अर्ध्यांबाबत थांबले. थांबलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना मशीन लावावंच लागलं नाही, आणि मृत्यू दोन्हीकडे सारखेच. २०२० साली अनेक देशांत मिळून त्याहून मोठा अभ्यास झाला, सुमारे तीन हजारांवर. नव्वद दिवसांत मरण पावलेले दोन्हीकडे ४४ टक्क्यांच्या आसपास. पण घाईने मशीन लावलेल्यांत जे जगले, त्यातले १०.४ टक्के नव्वद दिवसांनंतरही मशीनवरच होते. थांबलेल्यांत ६ टक्के. या ४४ आकड्याने दचकू नकोस, ते सगळे आयसीयूतले अतिगंभीर पेशंट होते.

कॉम्प्युटरचं भावाने वाचलंय ते खरं आहे. २०१९ साली डीपमाइंड कंपनीने अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ७ लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी शिकवून असं यंत्र केलं. ते एकेआय ४८ तास आधीपर्यंत ओळखायचं, पण निम्म्याहून थोडं जास्त, ५५.८ टक्के. पुढे डायलिसिस लागणाऱ्यांतले मात्र ९० टक्के. प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे. आणि त्या सात लाखांत बायका होत्या साधारण ६ टक्के. ४४ किलोच्या विडी कामगार बाईबद्दल ते यंत्र काय बोलेल यावर मी तरी पैज लावणार नाही. शिवाय दवाखान्यात आधीच असलेल्यांसाठीचं होतं ते. तुझी आई इजा घेऊनच दारात आली. तिच्यासाठी इशारा द्यायला हवा होता तो मेडिकलच्या काउंटरवर. इशारा मिळाल्याने माणूस वाचतोच असंही नाही. अमेरिकेतच सहा रुग्णालयांत सहा हजार पेशंटवर बघितलं, डॉक्टरांच्या स्क्रीनवर ‘याला एकेआय आहे’ असं आपोआप झळकवून. एकूण फरक पडला नाही. पुढे काय करायचं ते ठरलेलं नसेल तर घंटी नुसती वाजते.

आता तुमच्या डॉक्टरांचं ‘सांगता येत नाही’. हे वाक्य प्रामाणिक आहे, पण अर्धं. नातेवाइकाला भविष्य नको असतं दर वेळी, आपण कशाची वाट बघतोय ते हवं असतं. ते सांगायला पाच मिनिटं लागतात आणि राउंडला ती नसतात, हे मलाही कळतं, मी तीस वर्षं त्या राउंडा मारल्यात.

सांगायला गेलं की काय होतं तेही ऐक. शिकाऊ असताना मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी घोणस चावून आला. तीन आठवडे लघवीचा थेंब नाही. मी त्याच्या भावाला बाजूला घेऊन ठामपणे सांगितलं, किडन्या गेल्या, आता कायमचं मशीन. पाचव्या आठवड्यात लघवी सुरू झाली. दिवाळीनंतर माणूस ज्वारीचं पोतं घेऊन वॉर्डात हजर, आणि माझ्या बोलण्यावरून त्यांनी तोवर दोन बैल विकले होते. त्याच वर्षी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एका पोरीच्या नवऱ्याला मी म्हटलं, तरुण आहे, पंधरा दिवसांत सुटेल. तिच्या किडनीचा बाहेरचा थरच मेलेला होता, अस्तर उगवायला जमीनच नव्हती. सुटली नाही. दोन्ही वेळा मी आकड्याकडे आणि वयाकडे बघून बोलले. तेव्हापासून मी दिवस मागून घेते.

म्हणून उद्या राउंडला ‘आई वाचेल का’ असं विचारू नकोस. त्याला कुणीही ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणेल. असं विचार: मशीन नसलेल्या दिवशी क्रिएटिनिन आणि युरिया किती चढतंय? लघवी इंजेक्शनशिवाय किती? आज पोटॅशियम किती? पुढचं डायलिसिस तारखेप्रमाणे आहे की रिपोर्ट बघून ठरणार? सोनोग्राफीत किडन्यांचा आकार नीट आहे का, की आधीच लहान झालेल्या आहेत? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. मूळच्या लहान किडन्या म्हणजे दुखणं जुनं होतं, आणि मग मी वर लिहिलेला सगळा बरा अंदाज खाली आणावा लागेल. लघवीत आधीपासून प्रथिनं जात होती का, साखर आहे का, तेही त्यातच.

आणखी एक. लघवी वाढली की काही जणांना ती दिवसाला तीन-चार लिटरपर्यंत जाते. नवं अस्तर उगवलेलं असतं, पण पाणी-मीठ धरून ठेवायला अजून शिकलेलं नसतं. घरचे खूश होतात आणि पेशंट पुन्हा सुकतो. ते दोन-चार दिवस लघवी, पाणी आणि वजन रोज लिही. सकाळी, त्याच काट्यावर. पायाला सूज आहे का तेही बघ. सलाईन जास्त साठलं असेल तर क्रिएटिनिन पातळ होऊन खोटं कमी दिसतं.

तू विचारलंस, आईचं काय होईल. तुझ्या वहीवरून माझा अंदाज असा: नवा ताप, नवा जंतुसंसर्ग झाला नाही तर ती घरी येईल असं मला वाटतं, आणि मशीन सुटण्याचीही चिन्हं आहेत. पुढचे तीन दिवस आकडा चढला नाही तर मी जास्त जोरात बोलेन. किडनी पहिल्यासारखी ०.७ वर येईल का, हे मात्र तीन महिने होण्याआधी कुणालाच बोलता येणार नाही. नियमच तसा आहे: नव्वद दिवसांपर्यंत ‘अजून भरतंय’ धरायचं, त्यानंतर जे राहील ते जुनं दुखणं. म्हणजे पावसाळा सरेपर्यंत कुणी ‘कायमचं’ हा शब्द काढला तर ऐकून घे आणि सोडून दे, मग ते मामा असोत नाहीतर डॉक्टर.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिनबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे एका प्रथिनाची, तपासणी करून घे. दवाखान्यातून सुटल्यावर लोक फक्त क्रिएटिनिन करतात आणि ‘नॉर्मल’ वाचून फाइल कपाटात टाकतात. पुढच्या काही वर्षांत किडनी पुन्हा घसरणार का, याचा अंदाज लघवीतली प्रथिनं जास्त चांगला देतात, आणि ही तपासणी काही महाग नाही.

पाठीच्या गोळ्या बंद. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, नावं पाठ करून ठेव, कारण मेडिकलवाला ‘दुसरी हलकी देतो’ म्हणून यातलीच देईल. लागली तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. बीपीची गोळी कधी सुरू करायची ते तेच सांगतील. आणि पुढे कधी जुलाब-उलट्या झाल्या तर ती तेवढे दिवस थांबवायची का, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घे. मोबाईलवर क्रिएटिनिन उतरवणारे काढे येतील. येऊ देत.

पैशाचं. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल शोध. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात आणि डायलिसिस त्यात आहे. रेशन कार्ड, आधार घेऊन जा. रुग्णालय योजनेत आहे का आणि आईच्या दुखण्याला कोणतं पॅकेज लागू होतं, एवढे दोनच प्रश्न. योजनेत नसेल तर उरलेल्या डायलिसिससाठी आपलं सिव्हिल आहे. हे सगळं विचारून झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही.

राहिली चटणी. शेंगदाण्यात पोटॅशियम असतं, फॉस्फरसही, आणि सोलापुरी चटणीत मीठही हात सोडून असतं. म्हणून आज नको. पण किडनी बसलेल्या माणसाची पहिली जाते ती भूक. तोंडाला धातूची चव येते, अन्न समोर नको होतं. अकराव्या दिवशी ती चटणी मागतेय, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत टाकलंस. उद्या राउंडला डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांग. पोटॅशियम पाचच्या खाली टिकलं आणि त्यांनी होकार दिला, तर भाकरीबरोबर चिमूटभर दे. वाटी समोर ठेवू नकोस, ती ऐकायची नाही.